अठ्ठ्याण्णव सालापासून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. तुळसाबाईनं लग्न एकदाच केलं, घरं मात्र तेवीस केली. म्हणजे बांधली मिस्त्र्यानं, पैसा लावला मालकानं. तुळसाबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, धोंडबानं, ती राखली. रामटेककडच्या धानाच्या बांध्या सोडून दोघं नागपूरला आली तेव्हा बेसा, हुडकेश्वर ही नुसती खेडी होती. शेतांचे धुरे, म्हणजे बांध, मोडून लेआउट पडत होते, चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पडत होते, आणि प्रत्येक प्लॉटवरच्या रेतीला, लोखंडाला, सिमेंटला राखणदार लागत होता. तशी ही दोघं चौकीदारीला लागली, ती पाठीचा कणा वाकेपर्यंत.

ह्या धंद्याची एक रीत होती. प्लॉटवर गिट्टी पडली की कोपऱ्यात टिनाची खोपडी ठोकायची. स्लॅब पडला की खोपडी सोडून घरात शिरायचं. हॉलमध्ये प्लास्टर चालू असलं की बिऱ्हाड स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरात फरशी बसायला लागली की मागच्या खोलीत. खिडक्यांना बारदाना बांधायचा, तीन विटांची चूल मांडायची, आणि सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाइपानं पाणी मारायचं. त्या पाणी मारण्याला तराई म्हणतात. तराई चुकली तर भिंत तडकते, आणि ठेकेदार चौकीदारावर तडकतो. सर्वांत शेवटी दरवाजे लागायचे. दरवाजे लागले की आपले दिवस भरले, हे तुळसाबाईला कोणी सांगावं लागत नसे. ती आपणहून भांडी पोत्यात भरायला घ्यायची. ज्या घराला दार होतं अशा घरात ती चौकीदार म्हणून कधी राहिलीच नाही.

आणखी एक शिस्त ठेकेदारानं पहिल्याच घरी शिकवली होती. "हे पाय बाई, हातात कागद घेऊन कोनी आलं, तं त्याले अडवायचं नाही अन् काही सांगायचंही नाही. मालक बाहेरगावी हायेत, आमी राखनीले हाओ, बस. पानी पाजायचं अन् वाटेले लावायचं." नकाशापेक्षा खोली दोन फूट पुढं काढलेली असायची, जिना मोकळ्या सोडायच्या जागेत घुसलेला असायचा. बांधकाम तपासायला ऑफिसातली माणसं यायची. तुळसाबाई पाणी पाजायची आणि वाटेला लावायची. ह्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तेवीस घरांमधलं एक घर तिच्या काळजात जाऊन बसलं होतं, ते कृष्णकांत देशकरांचं. हुडकेश्वरचं, अठ्ठ्याण्णव सालचं. कृष्णकांत सरकारी कचेरीत कारकून होते. पगार आला की काम चालायचं, पगार संपला की मिस्त्री घरी बसायचा. त्यामुळे सहा महिन्यांचं घर दीड वर्ष चाललं, आणि तेवढा तुळसाबाईचा फायदा झाला. तिचा धम्मानंद तिथं रांगला, तिथंच उभा राहिला. स्लॅब पडला तेव्हा वर मातीच्या पाळी घालून घोटाभर पाणी साठवलं होतं. उन्हं उतरली की ती पोराला घेऊन वर जायची, आणि ते गुबगुबीत पोर त्या पाण्यात बसून थपाथप हात आपटायचं. त्या मे महिन्यात अख्खं नागपूर भाजून निघत होतं, पण ओल्या भिंतींच्या त्या घरात असा गारवा होता की कूलरवाल्यांनी हेवा करावा. तुळसाबाई दुपारी मागच्या खोलीत जमिनीवर गाल टेकून झोपायची. तसली झोप तिला पुन्हा लागली नाही.

मग दरवाजे आले. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी समोरच्या प्लॉटवर खोपडी ठोकली. देशकरांच्या बायकोनं, यमुताईंनी, तिला लुगडं दिलं, धोंडबाला टोपी दिली, आणि मागच्या पायरीवर दोघांना पोटभर जेवू घातलं. हॉलची जमीन तुळसाबाईनंच शेणानं सारवली होती, फरशी बसल्यावर तिनंच पुसली होती, पण त्या दिवशी तिला आत बोलावलं नाही. आपल्याला राग आला नाही, असं तुळसाबाई सांगत असे. खरं तर आला होता. पण पुऱ्या चांगल्या होत्या.

ह्याला आता सत्तावीस वर्षं झाली. धम्मानंद शिकला, एका खाजगी दवाखान्यात एक्सरे काढायच्या कामावर लागला. प्रीती नावाची हुशार सून आली, ती एका शाळेच्या ऑफिसात काम करते. चार वर्षांची पायल झाली. सगळी मिळून मानेवाड्याच्या मागच्या वस्तीत दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होती. धोंडबाचा गुडघा गेला, तुळसाबाईची कंबर गेली, आणि चौकीदारी सुटली.

मार्च महिन्यात एका संध्याकाळी धोंडबाचा फोन वाजला. कृष्णकांतच बोलत होते. आवाज थकलेला होता.

"धोंडबा, यमू गेल्यापासून मी पुण्याला सुमंतकडेच आहे. घर नुसतं बंद पडलंय. सुमंत म्हणतो विकून टाका. तर गिऱ्हाईक येईपर्यंत तुम्ही दोघं राहाल का तिथे? राखण होईल. मला दुसऱ्या कोणावर भरवसा नाही."

"हो जी, राह्यतो ना जी, काहून नाही," असं धोंडबा म्हणणारच होता. त्याच्या तोंडातून 'हो जी' निघालंसुद्धा. तेवढ्यात धम्मानंदनं फोन हातातून घेतला.

"काका, मी धम्मानंद बोलतो. राखनीचं राहू द्या. किंमत सांगा."

धोंडबा पोराकडं असा पाहत राहिला, जणू त्यानं चालत्या गाडीतून उडी मारली होती. तुळसाबाईच्या हातातली पोळी तव्यावर करपली. पोळी करपवणारी बाई ती नव्हती.

किंमत ठरली, मग कर्जाचं सुरू झालं. बँकेतली वेदिका नावाची मॅडम धम्मानंदच्याच वयाची होती. ती एक कागद मागायची, तो दिला की दुसरा आठवायचा. पगाराच्या पावत्या, घरभाड्याची पावती, प्रीतीचं नेमणूकपत्र, लग्नाचा दाखला. धम्मानंद ड्युटी करून उन्हात हिंडायचा आणि घरी आला की माठाशी उभा राहून तीन गिलास पाणी प्यायचा. शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असायचे. पण चेहऱ्यावर एक वेगळंच तेज होतं.

अडचण एकच होती. पुण्याला कृष्णकांतांच्या मुलाला, सुमंतला, एक बिल्डर भेटला होता. घर पाडून तिथं चार मजले उभे करायची त्याची तयारी होती आणि पैसे रोख होते. कृष्णकांतांनी मुलाला निक्षून सांगितलं, "पंधरा मेपर्यंत थांब. धम्मानंदला बँकेचं पत्र मिळालं तर घर त्याचं. नाही मिळालं, तर तुझ्या मनासारखं कर." एवढा शब्द त्यांनी दिला. किल्लीही शेजाऱ्याकडून धम्मानंदच्या हाती दिली.

एप्रिलच्या शेवटी मॅडम म्हणाली, आता फक्त घराची पाहणी राहिली. बँकेचा माणूस चार वाजता येईल.

"माय, तू सकाळी जाऊन थोडं झाडून ठेव," धम्मानंद म्हणाला. "मी साडेतीनले येतो. बँकेचा मानूस आला की मीच बोलीन."

"जातो ना बाबू," तुळसाबाई म्हणाली. उन्हाच्या आत ती ऑटोनं हुडकेश्वरला पोचली.

फाटक ढकललं, कुलूप काढलं, आणि तिचे पाय उंबऱ्यावरच थांबले. ही चौकट बसली तेव्हा सुताराला चहा तिनंच नेऊन दिला होता. आत धूळ होती, चिमण्यांचा काडीकचरा होता. तिनं पदर खोचला आणि झाडायला घेतलं. एकेका खोलीत कचरा कमी आणि आठवणीच जास्त निघाल्या. इथं चूल होती. इथं धोंडबाला ताप आला होता तेव्हा विटांवर फळी टाकून खाट केली होती. मागच्या खोलीत ती आली, कोणी पाहत नाही असं बघून खाली बसली, मग आडवी झाली, आणि फरशीला गाल लावला. फरशी गरमच होती. तरी ती थोडा वेळ तशीच पडून राहिली.

अकरा वाजता फाटक वाजलं. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, डोक्यावर हेल्मेट असलेला एक माणूस गाडीवरून उतरला. बगलेत फाइल, हातात कागद.

"पाहणी करायची आहे घराची," तो म्हणाला. "मालक कुठं आहेत?"

आता सांगा, तुळसाबाईला काय वाटावं? बँकेचा माणूस चार वाजता येणार होता, तोही पोरासोबत, कोटाबिटात. हा अकरा वाजताचा घामेजलेला गडी तो कसा असेल? हातात कागद, तोंडात पाहणी. तिच्या अंगात तेवीस घरांची शिस्त एकदम जागी झाली. हातातला झाडू तसाच धरून ती ताठ उभी राहिली.

"मालक बाहेरगावी हायेत जी. पुन्याले. आमी राखनीले हाओ."

"बरं. म्हणजे तुम्ही राहता इथं?"

"हो जी."

"किती दिवसांपासून?"

इथं मात्र शिस्त संपली आणि तुळसाबाईचा जीव बोलला. "अठ्ठ्याण्णव सालापासून हाओ ना जी आमी. जोतं भरलं तवापासून."

त्यानं कागदावर लिहिलं. एका बारक्या लाल दिव्याच्या यंत्रानं खोल्या मोजल्या. तुळसाबाई मागं मागं फिरली. पाया किती खोल आहे, कोणत्या भिंतीला एकवीस दिवस तराई केली, हे तिनं सगळं सांगितलं. घराची तारीफ करायला शिस्तीत मनाई नव्हती. त्यानं घराचे फोटो काढले, दारात तिचाही एक काढला. तिनं त्याला गिलासभर पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. मालकाचं नावसुद्धा सांगितलं नाही, ह्याचं तिला समाधान वाटलं.

धम्मानंद साडेतीनला आला. चार वाजले, पाच वाजले, कोणी आलं नाही. त्यानं बँकेत फोन केला तर पाहणी सकाळीच झाल्याचं कळलं. उन्हामुळे तो माणूस लवकर आटोपून गेला होता.

"माय, सकाळी कोनी आलतं का?"

"आलता ना एक. ऑफिसवाला. मी त्याले काही सांगतलं नाही."

"बरं झालं," धम्मानंद म्हणाला. त्याला वाटलं, काम झालं.

पाच दिवसांनी तो भर दुपारी घरी आला. ड्युटी सोडून आला होता. माठाकडं गेला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि मोबाइल काढून सगळ्यांसमोर धरला.

"हे पाय. बँकेचा रिपोर्ट आला. वाचून दाखवतो. 'सदर घरात देखभालीसाठी ठेवलेले कुटुंब राहते. तेथील महिलेने ते सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून राहत असल्याचे सांगितले. घराचा ताबा मोकळा नाही.' कर्ज थांबलं."

खाली फोटो होता. दारात तुळसाबाई, हातात झाडू, पदर खोचलेला.

"आजीचा फोटो!" पायलनं टाळ्या वाजवल्या. प्रीतीनं तिला उचलून आत नेलं.

"माय, तुले झालं तरी काय वं?" धम्मानंदचा आवाज फुटला. "आपलं घर घ्याले निघालो आपन. अन् तू त्याच घरात उभी राहून चौकीदार म्हनून सांगतलं?"

"मले वाटलं ऑफिसचा मानूस हाय बाबू."

"ऑफिसचा मानूस! अवं कोनतं ऑफिस? सत्तावीस वर्सं झाली! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हनतात, ते खोटं नाही. मी एक्सरेवाला झालो, अन् तुमी दोघं अजून बारदाना बांधूनच बसले."

"ए पोट्ट्या," धोंडबा खाटेवरून ओरडला. "त्याच बारदान्यात वाढला तू. तुया पुस्तकाचे पैसे त्या चौकीदारीतूनच आले. मायले बोलू नोको."

"बोलू नोको तं काय करू बाबा? दहा दिवस राह्यले. दहा! मंग बिल्डर येते अन् जेसीबी लावते."

हातातोंडाशी आलेला घास तुळसाबाईनं स्वतःच्या हातानं पाडला होता. जेसीबीचा पंजा मागच्या खोलीच्या भिंतीवर पडताना तिला दिसायला लागला, आणि त्या दिवशी तिच्या तोंडात घास गेला नाही. प्रीतीनं ताट पुढं केलं तर म्हणाली, "तू खाय वं माय. मायं पोट भरलं."

दुसऱ्या दिवशी ती आपणहून धम्मानंदच्या गाडीवर बसली आणि बँकेत गेली. गार हवेच्या त्या खोलीत, काचेसमोर उभी राहून तिनं वेदिका मॅडमला सगळं सांगितलं. ठेकेदार, कागद, शिस्त, अठ्ठ्याण्णव साल. मॅडमनं मध्येच हसू दाबलं, मग ती गंभीर झाली.

"आजी, मला पटलं. पण फाइलला पटत नाही ना. अठ्ठ्याण्णवपासून कोणी राहतं असं एकदा लिहून आलं, की उद्या ते हक्क सांगू शकतात, असं बँक धरते. आता मालकांनी लिहून द्यायचं की घर रिकामं आहे. आणि तुम्ही लिहून द्यायचं, की त्या घरावर तुमचा काही हक्क नाही."

"मी?"

"हो, तुम्हीच. स्टँपपेपरवर."

"त्यात काय," तुळसाबाई म्हणाली. "ते तं मी जनमभर सांगत आली."

कृष्णकांतांनी आपला कागद पुण्याहून पाठवला असता तरी चाललं असतं. पण तेरा तारखेला ते स्वतःच रेल्वेनं आले. काठी टेकत, एका नातेवाइकाच्या खांद्याला धरून नोंदणी कचेरीच्या आवारात आले. कडुनिंबाखाली नोटरी वकिलाचं टेबल होतं, वर टिनाचं छप्पर. धम्मानंद आईबापांना घेऊन तिथं थांबला होता. ऊन असं होतं की टिनाखाली उभं राहिलं तरी टाळू तापायची. तुळसाबाईनं त्यांना पाहिलं आणि सवयीनं उठून उभी राहिली.

"बसा, बसा," कृष्णकांत म्हणाले. "आता तुम्ही उठायचं नाही." मग म्हणाले, "यमू गेली, तुळसाबाई."

"ऐकलं जी. लय चांगल्या होत्या."

वकिलानं आधी कृष्णकांतांचा कागद आटोपला. मग तुळसाबाईचा छापून आलेला कागद हातात घेतला आणि भरभर वाचायला लागला. "मी, तुळसाबाई धोंडबा, वय अंदाजे एकसष्ट, लिहून देते की सदर घरात माझा राखणदार, भाडेकरू किंवा इतर कोणत्याही नात्याने कोणताही हक्क अथवा ताबा आज नाही व पूर्वीही कधी नव्हता. मी सदर घरात कधीही राहिलेली नाही. पूर्वी सांगितले ते चुकीने सांगितले. कबूल? करा सही."

तुळसाबाईनं पेन हातात घेतलं. मग खाली ठेवलं.

"वकीलसाहेब, आज नाही हे लिहा. हक्क नाही हेबी लिहा. पन कधी राह्यलीच नाही, असं कसं लिहू जी?"

"माय," धम्मानंद हलकेच म्हणाला.

"नाही बाबू, ऐकून घे. हक्क मी कधी मागतला नाही, मागनारबी नाही. पन राह्यली तं होती. तू तिथं उभा झाला. धरून धरून चालायचा त्या भिंतीले. हे खोटं हाय म्हनून मी सही करू? मंग ते दीड वर्स मी कुठं होती?"

वकिलानं घड्याळ पाहिलं. "बाई, बँकेला असाच मजकूर लागतो. एक शब्द कमी झाला की फाइल परत येईल. तुमचं तुम्ही ठरवा."

धम्मानंद खाली वाकून तिच्यासमोर बसला. त्या दिवशीचं ओरडणं त्याच्या अंगात उरलं नव्हतं. आपल्या आईला आपण काय करायला लावत आहोत, हे त्याला तिथं उन्हात नीट दिसलं. "माय," तो म्हणाला, "राहू दे. नको करू सही. दुसरं घर पाहू आपन."

एवढं त्यानं म्हटलं आणि तुळसाबाईचा जीव गलबलला. परवापर्यंत तळमळणारं पोर घर सोडायला निघालं होतं, तिच्या एका वाक्यासाठी.

कृष्णकांत काठीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"तुळसाबाई, ह्या कागदात लिहिलंय ते खोटं आहे. मला ठाऊक आहे. स्लॅबवर हा पाण्यात बसायचा, मी कचेरीतून येऊन पाहायचो. माझ्या आधी तुम्ही राहिलात त्या घरात." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आणि वास्तूच्या दिवशी तुम्हाला आत पानावर बसवायला हवं होतं. यमूच्या ते मनात होतं. मी नको म्हणालो. चार माणसं काय म्हणतील, म्हणून."

वकील पेन शोधायला लागला, जे त्याच्याच हातात होतं. धोंडबा जमिनीकडं पाहत राहिला.

"तुमी बोलले जी," तुळसाबाई म्हणाली, "मले पुरलं."

तिनं पेन उचललं. विहारातल्या प्रौढांच्या वर्गात ती सही करायला शिकली होती. एकेक अक्षर पाट्यावर वाटल्यासारखं सावकाश यायचं. तु, ळ, सा. घाम तिच्या नाकावरून कागदावर पडला, वकिलानं रुमालानं टिपला. बाई. तिनं पेन परत दिलं आणि हात पदराला पुसला. सगळा वेळ धम्मानंदनं तिचा दुसरा हात धरून ठेवला होता.

चौदा तारखेला संध्याकाळी बँकेचं पत्र आलं. सुमंतनं पुण्याहून थोडी कुरकुर केली, पण कृष्णकांत नागपुरातच ठाण मांडून बसले होते. मे संपायच्या आत खरेदी झाली, किल्ली आता खरोखरची धम्मानंदची झाली.

राहायला गेले त्या दिवशी सकाळी वस्तीतली माणसं जमली. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला, मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण पंचशील म्हटलं. प्रीतीनं पातेलंभर खीर केली होती. दवाखान्यातले धम्मानंदचे सोबती आले होते, वेदिका मॅडमसुद्धा येऊन गेली. पायल आणि तिच्या वयाची दोन पोरं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावत होती. लोक भिंतींना टकटक वाजवून पाहायचे आणि म्हणायचे, काम जुनं हाय पन पक्कं हाय. तुळसाबाई सगळ्यांना खीर वाढत होती, आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत ती हॉलमधून नाहीशी झाली.

धोंडबा काठी टेकत तिला शोधायला निघाला. ती मागच्या खोलीत होती. दार लोटून घेतलेलं. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून फरशीवर बसली होती आणि रडत होती. मुसमुसून नाही, लहान पोर रडतं तशी, तोंड उघडून.

धोंडबा घाबरला. मग त्यानं आपल्या जुन्या पद्धतीनं चेष्टा करून पाहिली.

"काय वं धम्माची माय! तेवीस घरं सोडली आपन. भांडे पोत्यात भरले अन् निंगालो. एकबी डाव तुया डोळ्याले पानी नाही आलं. अन् आज घर भेटलं, तं रडून राहिली?"

तुळसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. श्वास घेतला. धम्मानंद खिरीची वाटी घेऊन दारात येऊन उभा राहिला होता, तो तिला दिसला नाही.

"तवा राह्यलीच नाही म्हनून कोनी लिहून नवतं ना जी घेतलं," ती म्हणाली.